मुंबईतील मासळी बाजार

मुंबईतील मासळी बाजार म्हणजे ताजी मासळी, कोळंबी, खेकडे, शिंपले इत्यादींच्या घाऊक व किरकोळ विक्रीसाठी मुंबई शहरात व उपनगरांत चालणारे पारंपरिक बाजार. ससून गोदी व भाऊचा धक्का यांसारखी मासळी उतरविण्याची बंदरे, महानगरपालिकेच्या मंडयांतील मासळी विभाग, कोळीवाड्यांतील लहान बाजार आणि रस्त्याकडेच्या विक्रीच्या जागा या सर्वांचा समावेश त्यांत होतो. किरकोळ विक्री प्रामुख्याने कोळी समाजातील महिलांच्या हाती आहे. समुद्रातून आलेला नाशवंत माल काही तासांच्या आत स्वयंपाकघरापर्यंत पोचविणे हे या बाजारांचे मुख्य कार्य होय. त्याबरोबरच ते महिलांच्या स्वतंत्र उपजीविकेचे साधन आणि वस्तीतील दैनंदिन भेटीगाठींचे ठिकाणही आहेत. शीतगृहे, मोठी दुकाने व मोबाइलवरून घरपोच विक्री यांच्या काळातही हे बाजार टिकून आहेत. मात्र जागेची टंचाई, जुन्या मंडयांचा पुनर्विकास व स्वच्छतेचे प्रश्न यांमुळे त्यांच्या भवितव्याविषयी चर्चा होत असते.

संकल्पना व नाव

ताजे मांस, मासे व भाजीपाला विकणाऱ्या पारंपरिक बाजारांना इंग्रजीत ज्या नावाने ओळखले जाते, त्याचा शब्दशः अर्थ ‘ओला बाजार’ असा होतो. हे नाव १९७० च्या दशकापासून सिंगापूर व हाँगकाँग येथे रूढ झाले. वातानुकूलित दुकानांहून हे बाजार वेगळे दाखविण्यासाठी ते वापरले जाई. वितळणारा बर्फ आणि वारंवार धुतली जाणारी जमीन यांमुळे अशा बाजारांत पायाखाली सदैव ओल असते, यावरून ते पडले.

मराठीत ‘ओले’ हे विशेषण मासळीच्या संदर्भात पूर्वीपासून आहे, परंतु ते जमिनीला न लागता मालाला लागते. ताजी ती ‘ओली मासळी’ आणि उन्हात वाळविलेली ती ‘सुकी मासळी’. बोंबील, जवळा, करदी, सोडे, बांगडा यांचा सुका व्यापार वेगळा चालतो व अंधेरीजवळील मरोळ येथील सुक्या मासळीचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. सुकी मासळी महिनोन्‌महिने टिकते. ओल्या मासळीला तशी सवलत नाही. ओल्या मासळीच्या बाजाराची वेळ, जागा, भाव करण्याची रीत आणि विक्रेता व गिऱ्हाईक यांच्यातील नाते या सर्वांच्या मुळाशी मालाची ही नाशवंतता आहे.

इतिहास

कोळी हे मुंबई बेटांच्या सर्वांत जुन्या रहिवाशांपैकी मानले जातात. कुलाबा, वरळी, माहीम, धारावी, शीव, खारदांडा, वेसावे, मढ इत्यादी ठिकाणचे कोळीवाडे शहराच्या वाढीपूर्वीपासूनचे आहेत. आरंभी मासळीची विक्री कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर आणि तेथून डोक्यावर पाटी घेऊन दारोदार होत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापसाच्या व्यापारामुळे व गिरण्यांमुळे शहराची लोकसंख्या वाढली आणि विखुरलेले बाजार नियंत्रणाखाली आणण्याची गरज निर्माण झाली. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत उभारलेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा विल्यम इमर्सन यांनी केला, तर दर्शनी भागावरील शिल्पपट्ट लॉकवुड किपलिंग यांचे आहेत. या मंडईला पुढे महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने बाजार बांधणे, चालविणे आणि खासगी बाजारांना परवाने देणे यांविषयीचे अधिकार महानगरपालिकेकडे आले. त्यानंतर शहराच्या विविध विभागांत महानगरपालिकेच्या मंडया उभ्या राहिल्या व त्यांत भाजी, फळे, मांस व मासळी यांसाठी स्वतंत्र विभाग ठेवण्यात आले. माहीमच्या सिटीलाइट चित्रपटगृहाजवळील गोपी टँक मंडई ही मासळीसाठी विशेष ओळखली जाणारी मंडई होय.

कुलाब्याची ससून गोदी १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांनी भराव घातलेल्या जमिनीवर बांधली. मूळची व्यापारी मालासाठी असलेली ही गोदी पुढे मासेमारीचे प्रमुख बंदर बनली. भाऊचा धक्का हे नाव एकोणिसाव्या शतकात धक्का बांधणाऱ्या भाऊ अजिंक्य यांच्यावरून पडले असून त्या परिसरातील मासळी बंदर हे मुंबईचे दुसरे मोठे केंद्र आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात होड्यांना यंत्रे बसली, ट्रॉलर आले आणि बर्फाचे कारखाने निघाले. होड्या अनेक दिवस समुद्रात राहू लागल्या व मासळी उतरविण्याचे काम निरनिराळ्या कोळीवाड्यांतून थोड्या मोठ्या बंदरांकडे सरकले. या बदलाचा परिणाम विक्रीवरही झाला. पूर्वी घरच्या होडीवरची मासळी विकणाऱ्या अनेक महिलांना आता बंदरावर बोली लावून माल विकत घ्यावा लागतो. त्यामुळे विक्रेतीला भांडवलाची गरज निर्माण झाली आणि तोट्याची जोखीमही तिच्याकडे आली.

मासळीचा प्रवास

घाऊक बाजाराचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो. होडी धक्क्याला लागल्यावर खलाशी बर्फात ठेवलेली मासळी टोपल्यांतून वर देतात. जातीनुसार व आकारानुसार निवड झाल्यावर लिलाव पुकारला जातो. निर्यातीसाठी घेणारे व्यापारी, उपाहारगृहांचे पुरवठादार, दलाल आणि किरकोळ विक्रेत्या हे सर्व या लिलावात भाग घेतात. मोठा ढीग एकटीला परवडत नसल्यास दोन-तीन विक्रेत्या मिळून तो घेतात व आपसांत वाटून घेतात. धक्क्यालगतच्या शेडमध्ये कोळंबी सोलण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते व तेही मुख्यतः महिलाच करतात.

विकत घेतलेली मासळी बर्फ घालून टेम्पो, टॅक्सी अथवा उपनगरी रेल्वेने विक्रीच्या जागी नेली जाते. लोकलच्या मालडब्यातून पाट्या घेऊन जाणाऱ्या कोळणी हे मुंबईच्या सकाळचे जुने दृश्य आहे. किरकोळ बाजार सकाळी लवकर भरतो. अनेक ठिकाणी संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांसाठी तो पुन्हा भरतो.

शहराची गरज केवळ स्थानिक मासेमारीवर भागत नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व पालघर या जिल्ह्यांतून तसेच गुजरातच्या किनाऱ्यावरून मासळी येते. रोहू, कटला यांसारखे गोड्या पाण्यातील मासे आंध्र प्रदेशासह अन्य राज्यांतून येतात. शहरात बंगाली व उत्तर भारतीय वस्ती वाढल्यावर या माशांनाही बाजारात नेहमीची जागा मिळाली.

व्यवहाराची रीत

किरकोळ बाजारात सर्व मासळी एकाच मापाने विकली जात नाही. पापलेट, हलवा यांसारखे मासे नगावर किंवा जोडीने विकले जातात. सुरमई, रावस व घोळ यांच्या तुकड्या पाडून किंवा वजन करून त्या दिल्या जातात. मांदेली, बोंबील, मुडदुशा, कोळंबी यांचे ‘वाटे’ लावलेले असतात. वाटा म्हणजे नजरेने पाडलेला लहान ढीग. वाट्याचा आकार हा भावाइतकाच घासाघिशीचा विषय असतो. भाव उतरविण्यास तयार नसलेली विक्रेती पुष्कळदा वाट्यावर चार मासे अधिक टाकते आणि सौदा पूर्ण होतो. दिवसातील पहिली विक्री म्हणजे बोहणी अथवा भवानी. तिचे पैसे कपाळाला लावून घेण्याची रीत आहे.

भाव दिवसभर स्थिर राहत नाही. सकाळी तो चढा असतो व दुपारकडे उतरतो, कारण उरलेला माल दुसऱ्या दिवशी त्याच किमतीस विकता येत नाही. तंग हाताची कुटुंबे बहुधा उशिरा बाजारात जातात. एकाच ओट्यावर सकाळी पापलेट व दुपारी मांदेलीचा मोठा वाटा विकला जातो आणि वेगवेगळ्या आर्थिक स्तरांतील गिऱ्हाइकांची गरज त्याच जागी भागते. छापील किमतीच्या दुकानात ही लवचीकता नसते.

ताजेपणाची पारख हे या व्यवहारातील महत्त्वाचे ज्ञान आहे. कल्ल्यांचा लाल रंग, डोळ्यांची चमक व फुगीरपणा, बोटाने दाबल्यावर मांसाने पुन्हा वर येणे आणि समुद्राच्या पाण्यासारखा वास ही ताज्या माशाची सर्वसाधारण लक्षणे होत. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग दाबल्यावर पांढुरके पाणी आले तर ते ताजे व तांबूस आले तर शिळे, असा घरगुती निकष आहे. ताजा बोंबील तकतकीत व किंचित गुलाबी दिसतो, शिळा पिवळसर पडतो. तिसऱ्यांचे शिंपले घट्ट मिटलेले असावे लागतात. उघडा शिंपला टोचल्यावरही मिटला नाही तर तो टाकून देतात. खेकडा आकाराच्या मानाने जड असावा लागतो. अमावास्येच्या सुमारास चिंबोऱ्या भरलेल्या असतात असा समज आहे. हे ज्ञान घरातील वडीलधाऱ्यांबरोबर बाजारात जाऊन मिळते. बंद वेष्टनातील मासा हाताळता येत नसल्याने तेथे ही पारख उपयोगी पडत नाही आणि गिऱ्हाइकाला वेष्टनावरील तारखेवर विसंबावे लागते.

मासा निवडल्यावर खवले काढणे, कल्ले व आतडी काढणे आणि कालवणासाठी किंवा तळण्यासाठी हव्या तशा तुकड्या करणे हे काम विक्रेती स्वतः करते किंवा बाजारातच कापणाऱ्यांकडून करून घेतले जाते. नवख्या गिऱ्हाइकाला कोणता मासा कसा करावा हेही ती सांगते. गिऱ्हाईक तिला बहुधा ‘मावशी’ म्हणते आणि ती गिऱ्हाइकाला ‘ताई’, ‘बाय’ किंवा ‘दादा’ अशी हाक मारते. अनेक कुटुंबांची विक्रेती ठरलेली असते. ओळखीच्या घराला उधारी मिळते, चांगला मासा बाजूला ठेवला जातो आणि शिळा असल्यास ‘आज नको नेऊ’ असेही सांगितले जाते. रोज त्याच जागी बसणाऱ्या विक्रेतीला एका दिवसाच्या फायद्यासाठी कायमचे गिऱ्हाईक गमावणे परवडत नाही. या विश्वासाचा व्यावहारिक आधार हाच आहे.

कोळी महिलांचे स्थान

कोळी समाजात मासे पकडणे हे पुरुषांचे आणि विकणे हे महिलांचे काम अशी विभागणी परंपरेने चालत आली आहे. भाव ठरविणे, वसुली करणे व घरखर्चाचे पैसे हाताळणे ही कामे महिलांकडे असल्यामुळे कुटुंबाच्या आर्थिक निर्णयांत त्यांना वजन असते. बाजारातील बसण्याची जागा अनेकदा आईकडून मुलीकडे किंवा सासूकडून सुनेकडे जाते. ओटा लहान असला तरी त्याच्याशी जोडलेली गिऱ्हाइके, पत आणि शेजारच्या विक्रेत्यांचा आधार हे सर्व एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे पोचते.

परवानाधारक मंडईत बसणाऱ्या व रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांच्या स्थितीत मात्र मोठा फरक आहे. पहिल्यांना ओटा, पाणी व छप्पर मिळते. दुसऱ्यांना जागा सोडावी लागण्याची भीती कायम असते. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने रस्त्यावरील विक्रेत्यांचे सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र व शहर फेरीवाला समिती यांची तरतूद केली. या समितीतील विक्रेत्यांच्या प्रतिनिधींपैकी एक तृतीयांश महिला असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. पाटी घेऊन दारोदार जाणाऱ्या विक्रेत्यांची संख्या घटली आहे. शिक्षण घेतलेल्या अनेक मुली नोकरीकडे वळतात, तर बाजारात परप्रांतीय पुरुष विक्रेत्यांचे प्रमाण वाढल्याने कोळी महिलांना स्पर्धेला तोंड द्यावे लागते.

वार, सण व ऋतू

बाजाराची गर्दी पंचांगाप्रमाणे कमी-जास्त होते. अनेक हिंदू कुटुंबे सोमवार, गुरुवार किंवा शनिवारी मांसाहार करीत नाहीत. त्यामुळे बुधवार, शुक्रवार व रविवार हे विक्रीचे मुख्य वार ठरतात. आषाढ अमावास्येच्या आधीच्या दिवसांत मोठी गर्दी होते आणि श्रावणात मागणी घटते. ख्रिस्ती, मुस्लिम व अन्य समाजांच्या खरेदीवर या काळात बाजार पुष्कळसा चालतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. माशांच्या प्रजननाचा हा काळ असून समुद्रही खवळलेला असतो. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमानुसार लागू होणारी ही बंदी अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची राहिली आहे. या काळात बर्फातील व परप्रांतीय मासळी, खाडीतील मासे, खेकडे आणि सुकी मासळी यांवर बाजार भागतो व भाव चढतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मासेमारीच्या नव्या हंगामाला आरंभ करण्याची कोळ्यांची परंपरा आहे.

समुद्रातील बदलही बाजारातच प्रथम दिसतात. पापलेटचा आकार लहान होत जाणे आणि पिल्ले मोठ्या प्रमाणावर विक्रीस येणे हे अतिमासेमारीचे लक्षण मानले जाते. रुपेरी पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले. या जातीच्या संवर्धनाकडे लक्ष वेधणे हा त्यामागील हेतू होता. लहान पापलेट न घेण्याचा गिऱ्हाइकाचा निर्णय या संवर्धनास हातभार लावतो.

आरोग्य व स्वच्छता

मासळी लवकर खराब होण्याचे कारण तिच्या शरीरातील विकरे व जीवाणू यांची क्रिया हे होय. तापमान शून्य अंशाजवळ ठेवल्यास ही क्रिया मंदावते. उष्ण हवामानात मासळीच्या वजनाइतका बर्फ वापरावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. बांगडा, सुरमई, कुपा यांसारखे मासे पुरेशा बर्फाविना राहिल्यास त्यांत हिस्टामीन तयार होते व शिजवूनही ते नष्ट होत नाही. म्हणून बर्फ हा केवळ विक्रीच्या सोयीचा नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न आहे. मासळी टिकविण्यासाठी फॉर्मेलिन वापरल्याच्या संशयावरून २०१८ मध्ये केरळ व गोव्यात खळबळ उडाली आणि गोव्याने परराज्यांतील मासळीच्या आवकीवर काही काळ बंदी घातली. या प्रकरणानंतर अन्यत्रही मासळीच्या तपासणीची मागणी वाढली.

२०२० मध्ये चीनच्या वूहान शहरातील हुआनान मासळी बाजाराचा संबंध कोविड-१९ च्या पहिल्या रुग्णांशी जोडला गेल्यामुळे ‘ओला बाजार’ ही संकल्पना जगभर संशयाने पाहिली जाऊ लागली. तथापि अशा सर्व बाजारांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाचा रोख पारंपरिक बाजारांतील जिवंत वन्य सस्तन प्राण्यांच्या विक्रीवर होता. मुंबईच्या मासळी बाजारांत असे प्राणी विकले जात नाहीत. येथील प्रश्न वेगळे आहेत : तुंबणारी गटारे, अपुरे पाणी, कापल्यानंतर उरणारा कचरा, उंदीर व माश्या, अशुद्ध पाण्यापासून बनविलेला बर्फ आणि महिला विक्रेत्यांसाठी स्वच्छतागृहांचा अभाव. उतार असलेली फरशी, झाकलेली गटारे, धुता येण्याजोगे ओटे, पिण्यायोग्य पाण्याचा बर्फ व कचऱ्याची वेळेवर उचल या उपायांनी त्यांतील बहुतेक सुटू शकतात. यांपैकी कोणत्याही उपायासाठी बाजार वस्तीपासून दूर नेण्याची आवश्यकता नसते.

मार्च २०२० मधील टाळेबंदीत मासळीची साखळी तुटली. केंद्र सरकारने एप्रिलमध्ये सागरी मासेमारीस सूट दिली, परंतु लोकल गाड्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी बंद असल्याने अनेक विक्रेत्यांना धक्क्यावर पोचणेच अवघड झाले. समुद्रात मासे व शहरात गिऱ्हाईक असूनही मधला दुवा नसेल तर बाजार चालत नाही, हे त्या काळात स्पष्ट झाले.

स्थलांतर व पुनर्विकास

मुंबईतील अनेक मंडयांच्या इमारती जुन्या असून त्यांच्या जागांची किंमत प्रचंड वाढली आहे. क्रॉफर्ड मार्केटसमोरील छत्रपती शिवाजी महाराज मंडई हा घाऊक मासळीचा महत्त्वाचा बाजार होता. ती इमारत धोकादायक ठरल्यामुळे रिकामी करण्यात आली. दादरच्या सेनापती बापट मार्गावरील मासळी बाजारही महानगरपालिकेने २०२१ मध्ये हटविला. विक्रेत्यांना शहराच्या सीमेवरील ऐरोली नाक्याकडे जागा देण्याच्या प्रस्तावास कोळी महिलांनी विरोध केला.

या वादात दोन्ही बाजूंना आधार आहे. दुर्गंधी, वाहतूक कोंडी व सांडपाणी यांविषयी रहिवाशांच्या तक्रारी खऱ्या असतात आणि मोडकळीस आलेल्या इमारतीत बाजार चालविणे जिवावर बेतू शकते. दुसरीकडे, घाऊक बाजार दूर गेल्यास किरकोळ विक्रेतीचा प्रवासखर्च व वेळ वाढतो. पहाटे पाटी घेऊन तेथपर्यंत जाणे व विक्रीच्या वेळेत परतणे अनेकींना शक्य नसते. नव्या जागेत ओटा मिळाला तरी गिऱ्हाईक त्याबरोबर येत नाही. त्यामुळे मूळ जागीच पुनर्बांधणी, बांधकामाच्या काळात जवळच पर्यायी जागा आणि नव्या इमारतीत मासळीचा विभाग तळमजल्यावर ठेवणे या विक्रेत्यांच्या प्रमुख मागण्या असतात. ओझे घेऊन वरच्या मजल्यावर जाणे विक्रेतीला कठीण पडते आणि गिऱ्हाईकही तेथे सहसा चढत नाही.

घरपोच विक्री करणाऱ्या कंपन्यांमुळे मध्यमवर्गीय गिऱ्हाइकांचा काही भाग बाजारापासून दूर गेला आहे. साफ केलेली, तुकड्या पाडलेली मासळी दारात मिळणे ही नोकरदार कुटुंबांची मोठी सोय होय. यावर अनेक विक्रेत्यांनी आपले उपाय शोधले आहेत : मोबाइलवर मागणी घेणे, मासळीची छायाचित्रे पाठविणे आणि ओळखीच्या घरी माल पोचविणे. साधन नवे असले तरी त्यामागील ओळख जुन्याच बाजारात झालेली असते.

सामाजिक महत्त्व

पाठारे प्रभू, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, सारस्वत, ईस्ट इंडियन, आगरी, कोकणी मुसलमान व गिरणगावातील कोकणी कामगार या सर्वांच्या स्वयंपाकाच्या रीती भिन्न असल्या तरी मासळी घेण्याची जागा एकच राहिली आहे. भाषा, जात व उत्पन्न यांनी विभागलेल्या शहरात रोजच्या व्यवहारासाठी एकमेकांशी बोलावे लागते, अशी जी थोडी ठिकाणे उरली आहेत त्यांत या बाजारांचा समावेश होतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दृष्टीने बाजारातील फेरी ही खरेदीइतकीच विचारपूसही असते.

मुंबईची ओळख सांगताना कोळीवाडे, कोळीगीते व कोळी वेशभूषा यांचा गौरवाने उल्लेख केला जातो. परंतु या संस्कृतीचा आर्थिक पाया मासळीच्या विक्रीत आहे आणि ती विक्री वस्तीजवळच्या ठरलेल्या जागेवर अवलंबून आहे. म्हणूनच मासळी बाजारांचा प्रश्न हा वारसा जतन करण्यापुरता मर्यादित नसून शहराच्या नियोजनात विक्रेत्या महिलांना जागा, पाणी व सुरक्षितता देण्याचा प्रश्न आहे.

हे सुद्धा पहा

कोळी समाज
ससून गोदी
भाऊचा धक्का
महात्मा जोतिबा फुले मंडई, मुंबई
नारळी पौर्णिमा
पापलेट